जंतूला आवस नसते

फोन आला तेव्हा मी पीप ढवळत होते. दवाखान्यातून मुलाचा, दिलीपचा फोन. "आई, आत्या गेली," म्हणाला. मी म्हटलं, "बरं." लाईट गेलेली होती. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडतो, आणि अशा वेळी लाकडी दांड्यानं हातानं ढवळत राहावं लागतं, नाहीतर पिपातला जंतू गुदमरतो. हे मला तिनंच शिकवलेलं. म्हणून लाईट येईपर्यंत ढवळलं, पंपाची बुडबुड सुरू झालेली ऐकली, पिपावर फडकं बांधलं, साबणानं हात धुतले आणि मग रिक्षा केली. दवाखान्यात पोचले तर दिलीप म्हणतो, "आई, हात तरी धुवून यायचं." म्हटलं, "धुतलेत." लोक म्हणतात म्हातारीचं काळीज दगडाचं आहे. असेल. पण पीप अर्ध्यावर टाकून मी पळत आले असते, तर पडल्या जागी डोळे उघडून तिनं मलाच झापलं असतं.

ती म्हणजे माझी नणंद, शकुंतला. कॉलेजातल्या पोरापोरींची शकू मॅडम. सोलापुरात तिनं आयुष्यभर जंतूंचं शास्त्र शिकवलं. मी तिला वन्सं म्हणायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती परकरातली शेंबडी पोर होती, पण नवऱ्याची बहीण म्हणजे वन्सं, असा सासूचा हुकूम. मग ती खांद्याएवढी झाली, मॅडम झाली, पिकली, तरी वन्संच राहिली. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही ते ज्यांनी विचारलं त्यांना तिनं सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं, बाटलीबंद पाणी दिलं, माईक मात्र दिला नाही. एक गृहस्थ बोलले, घाणीत जन्माला येऊनही मॅडमनी ज्ञानाचा सुगंध पसरवला. दुसरे बोलले, त्या परिस्थितीतून बाहेर पडल्या, वर आल्या. लोकांनी माना हलवल्या. कातडं हा शब्द अख्ख्या सभेत कुणी काढला नाही. तिनं काय काम केलं, कशावर केलं, कशासाठी केलं, काही नाही. जणू बाईनं अत्तराचा कारखाना काढला होता. पेपरच्या ज्या पुरवणीत हे छापून येतंय, तिचं काम बघणारी मुलगी वन्संची विद्यार्थिनी. ती बाहेर मला म्हणाली, "आजी, तुम्ही आठवणी लिहा, मन हलकं होईल." माझं मन जड नाही. मला राग आलेला आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण रागापुरतं लिहिता येतं. म्हणून लिहिते.

आमचं घराणं कातडी कमावणारं. गावातली मेलेली जनावरं ओढायची, सोलायची, कातडं मिठात घालायचं, मग चुन्याच्या कुंडात. चुन्यानं केस सुटतात. केस निघाले की कातडं लाकडाच्या ओंडक्यावर टाकून आतल्या बाजूचं मांस आणि चरबी दोन मुठींच्या वाकड्या सुरीनं खरवडायची. मग ते कातडं पिशवीसारखं शिवून, आत बाभळीच्या सालीचं पाणी भरून टांगायचं, झिरपू द्यायचं. तुमच्या पायात जी चप्पल असते ती एवढं सगळं करून आलेली असते. तुम्हांला तिचा वास येत नाही, कारण तो आम्ही घरी ठेवून घेतलेला असतो.

शाळेत वन्संच्या शेजारी कुणी पोर बसायची नाही. एकदा बाईंनी तिला उभं करून विचारलं, घरून अंघोळ करून येत जा असं किती वेळा सांगायचं. ही म्हणाली, "अंघोळ केलीया की. वास घराचा हाय. घर कुटं ठिवून यिऊ?" बाईंनी छडी मारली. पोर घरी येऊन रडली नाही. सासऱ्यांना म्हणाली, "आबा, त्या बाईच्या पर्सचं कातडं आपलंच आसंल का?" सासरे लई हसले. आमच्या घरात हसायला तेवढंच निमित्त पुरायचं.

ती शिकत गेली. नवरा माझा, म्हणजे तिचा दादा, स्वतः चुन्यात हात घालून तिची फी भरत होता. नोकरी लागल्यावर तिनं होटगी रोडच्या बाजूला खोली घेतली, पुढं तिथंच लहानसा फ्लॅट. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, आता ही कसली येतीया हिकडं. पण दर रविवारी ती यायची, ओंडक्यापाशी पाय पसरून बसायची आणि माझ्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी खायची. अशाच एका रविवारी तिनं माझा हात धरला. ताट वाढताना धरला, मला वाटलं नको म्हणतीय.

"वैनी, ह्ये काय?"

"काय म्हंजे? हात हाय."

चुन्यात घालायची पांढरी पावडर असते, केस लवकर जावेत म्हणून. गंधकाची. कुजलेल्या अंड्यासारखा वास मारते, आणि कातड्याचे केस खाते तशी माणसाची चामडीही खाते. माझ्या बोटांच्या टोकांना भेगा होत्या आणि मधे गुळगुळीत झालेलं. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा हे मला कळलं. दुकानदारानं अंगठा पुसला, पदरानं पुसला, ओला करून ठेवला, मशीन काही मला ओळखेना. "आजी, तुमी हायत का न्हाय?" असं तो म्हणाला आणि मागची रांग हसली. मी ते वन्संला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. उठली, माझ्याकडं एक झाकणाचा डबा मागितला आणि ओंडक्याखालची मांसाची खरवड त्यात भरून घेतली. नाल्याच्या काठची, जिथं आम्ही वर्षानुवर्षं खरवड फेकत आलो तिथली, मूठभर मातीही घेतली. म्हटलं, "वन्सं, कुत्र्याला घालायला न्हेतीस काय?" म्हणाली, "कुत्र्यापरास बारक्याला घालायचीय."

तो डबा घेऊन ती सिटी बसमध्ये बसली. दोन थांब्यांवर माणसं नाकाला रुमाल लावायला लागली आणि कंडक्टर म्हणाला, "मॅडम, काय असंल ते घिऊन खाली उतरा." ती उतरली आणि उन्हात डबा घेऊन चालत गेली. पुढच्या रविवारी तिनं हे सांगितलं तेव्हा मलाच चीड आली. म्हटलं, भांडली का नाहीस. म्हणाली, "भांडले असते तर झाकण उघडलं असतं, वैनी."

मग काही वर्षं तिचं तेच चाललं. खरवड न्यायची, उकळायची, गाळायची, त्यात मातीतला जंतू सोडायचा आणि बघत बसायचं. मला तिनं समजावलं ते असं... नाल्याकाठी तोच जंतू जगतो ज्याला खरवड पचते. पण जंतूला दात नाहीत. मग तो आधी बाहेर रस सोडतो, त्या रसानं मांस विरघळतं, आणि विरघळलेलं तो पितो. तो रस म्हणजे एन्झाईम. जो रस मांसाला सोडवतो तोच केसाच्या मुळाशी गेला तर केस सोडवतो, हाताला इजा न करता. म्हणजे आमचीच फेकलेली घाण खायला घालायची, आणि तिच्यातून आमचंच काम करणारा रस काढायचा.

"म्हंजे तुज्या दादासारखंच की," मी म्हटलं. "दात पडल्यापास्नं भाकरी दुधात मऊ करून पितोय."

"दादापेक्षा जंतू बरा," ती म्हणाली. "दूध तर मागत न्हाय."

दादा पलीकडंच बसला होता. म्हणाला, "तुमचं झालं आसंल तर माझी भाकरी वाढा."

सगळं जंतूला चालत नव्हतं. मोठ्या कारखान्यातली क्रोमचं रसायन लावलेली निळी कातरण एकानं फुकट देऊ केली. वन्संनं घेतली नाही. म्हणाली, "त्यात जंतू मरंल, आणि न्हाई मेला तर रसातनं ते आपल्याकडं यील." कच्ची, मीठ धुतलेली, चुना न लागलेली खरवडच हवी. म्हणजे कामाचा क्रम बदलायचा. आधी खरवडायचं, मग केस. पिढ्यांचं उलटं. इथं माझ्या नवऱ्याचं डोकं फिरलं. पण बहीण लाडकी, म्हणून दोन म्हशींची कातडी त्यानं तिच्या रसात घालून दिली. ती सांगून गेली, "दादा, उद्या सकाळी काढा. अंगठ्यानं केस चोळून बघा, सरकला की लगेच पाण्यात."

उद्या अमावस्या होती.

आमच्या गल्लीत आवसेला कुंडात हात घालत नाहीत. कधीच नाही. सुऱ्या धुऊन ठेवायच्या, ओंडक्याला हळदकुंकू लावायचं आणि बसायचं. त्यानं काही बिघडत नव्हतं, कारण चुना थांबतो. आज काढायचं उद्या काढलं, या बाजारचं त्या बाजारला काढलं, चुना काही म्हणत नाही. नवऱ्यानं नेहमीसारखी आवस पाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी कातडं उचलायला गेला तर त्याचा अंगठा आरपार गेला. वरची साय खाल्लेली, आतलं लापशी. दोन म्हशी पेजेसारख्या वाहून गेल्या. गल्ली बघायला लोटली. शकू मॅडमनं म्हशीची कढी केली, असं पोरं म्हणायला लागली, आणि पुढं बरेच दिवस म्हणत होती.

वन्सं आली. तिनं लापशी हातात घेऊन बघितली. चिडली नाही हे बघून दादाच चिडला.

"चुना थांबतो, दादा. ह्ये थांबत न्हाय," ती म्हणाली.

"मग तुज्या जंतूला सांग आवस पाळायला."

"जंतूला आवस नसती."

"मला हाय," दादा म्हणाला आणि उठून गेला.

मला वाटलं, संपलं. शिकलेली बाई, आता म्हणेल हे अडाणी, अंधश्रद्धाळू, यांचं काही होणार नाही. तिच्या कॉलेजातले म्हणालेच तसं. तिनं पुढच्या रविवारी बाजारातून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं आणि कुंडाशेजारी खिळा मारून टांगलं. बाराही महिन्यांच्या अमावस्यांना लाल पेनानं गोल केले. म्हणाली, "जंतूला आवस कळत न्हाय, पर दादाला कळती. दोगांचं जमवायचं तर तारीख मलाच बघाया पायजे." तेव्हापासून कातडं रसात कधी घालायचं ते ती असं बसवायची की बाहेर काढायचा दिवस आवसेच्या अलीकडंच पडेल. दुसऱ्या खेपेला केस असे निघाले, जशी उकडलेल्या बटाट्याची साल निघते. दादा अंगठा फिरवत गेला आणि केसांच्या गुंडाळ्या पडत गेल्या. संध्याकाळी मला म्हणाला, "पावडर फेकून दे. पोरास्नी हात लावू दिऊ नको." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कार होता.

पुढं तो गेला. गल्लीतली कुंडं एकेक बुजली. पोरं नोकऱ्यांना लागली, काहींनी रिक्षा घेतल्या, कुंडांवर खोल्या उठल्या. मी कुणाला नावं ठेवत नाही, तो धंदा माणसाला खातच होता. राहिला एक इराण्णा. मंद्रूपच्या पुढं एका वाडीत राहतो, लांबचा नात्यातला, अजून कातडी करतो. रस त्याला पोचवायचे वांधे व्हायला लागले, तेव्हा वन्संनं त्याच्या सुनेला, महानंदाला, पीप लावून दिलं आणि आमच्या पिपातलं विरजण दिलं. दह्याचं देतात तसंच. इराण्णा त्या वेळी म्हणाला होता, "ताई, केस आसे जात्यात जनू भुतानं उपटल्याती. मला भ्या वाटतं." वन्सं म्हणाली, "सुनंच्या हाताकडं बघा, मग भ्या वाटणार न्हाय."

रिटायर झाल्यावर ती रोजच आमच्या घरामागच्या, पिपाच्या शेडमध्ये यायला लागली. खुर्ची टाकून बसायची, मी ढवळायची, दोघी भांडायचो. तिच्या किडन्या गेल्या ते हळूहळू. डायलिसिसवरून आली तरी आधी पिपाचं फडकं उचलून वास घ्यायची. चांगल्या रसाचा वास वेगळा असतो, उग्र पण सडका नाही. शेवटच्या भेटीत मी तिला मोसंबं सोलून देत होते. म्हणाली, "वैनी, म्या गेल्यावर पिपाचं काय करणार?" म्हटलं, "तुजं करायचं ते तिरडी बांदणारं बघत्याल. पिपाला मी हाय." ती म्हणाली, "तुमी हायच. पर तुमाला कुनी करू द्याया पायजे ना." मी म्हटलं, "मला कोण आडवणार?" ती नुसती मोसंब्याची फोड चोखत राहिली... मला तेव्हा कळलं नाही ती कशाबद्दल बोलतेय.

मातीला इराण्णा आला होता. जाताना मला म्हणाला, "आक्का, मॅडमच गेल्या. आता माझं काय. बाजार झाला की चुना आनतो आन जुन्यावर जातो. त्ये पीप सुनंला वतून टाकाया सांगतो." मी त्या गर्दीत त्याच्याकडं नीट लक्ष दिलं नाही. आमचं पीप होतं ना, मग त्याचं असलं काय नसलं काय.

दहाव्याच्या दोन दिवस आधी मी वन्संचा फ्लॅट आवरायला गेले. फ्रिजमध्ये तिनं जंतूच्या बाटल्या जपून ठेवलेल्या असायच्या. शेजारीण म्हणाली, "आजी, काहीतरी नासलं होतं, मी पहिल्याच दिवशी टाकून दिलं. फ्रिज कसा चकाचक केलाय बघा." भली बाई. पीप आहे, म्हटलं, त्यातून काढता येईल. दुपारी घरी आले तर शेडमधून फिनेलचा वास. पीप उन्हात पालथं घातलेलं, चकचकीत. कुंडाच्या जागी ब्लीचिंग पावडर पसरलेली. दिलीप लुंगी खोचून झाडू मारत होता.

"बघ आई, सगळं स्वच्छ केलं. दहाव्याला पुण्याचे पाहुणे येणार आहेत. सोनीला बघून गेलेत ते लोक, त्यांना आत घ्यावंच लागेल."

सोनी म्हणजे माझी नात. मी विचारलं, "पिपातलं कुठं वतलंस?"

"गटारीत. त्यावर पण ब्लीचिंग टाकलं, वास राहू नये म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? आत्या गेली, आई. आता तरी वास जाऊ दे." मग झाडू टाकला आणि म्हणाला, "मला पण शाळेत मागं बसवायचे. तुला काय वाटतं, फक्त आत्यालाच बसवायचे?"

तो खोटं बोलत नव्हता. हे मी इथं लिहिते, कारण ते खरं आहे. आत्यावर त्याचा जीव होता, पाणी त्यानंच पाजलं, खांदा त्यानंच दिला. पण शोकसभेतल्या त्या गृहस्थांनी बोलून केलं ते यानं फिनेलनं केलं, एवढाच फरक. तिचं होतं ते पुसलं. मी त्याला म्हटलं, "तू मागं बसलास म्हणून घरातला वास धुतलास. ती मागं बसली आणि वासात हात घातला. तुजा राग माज्यावर काढ, त्या पिपावर कशाला?" त्यानं झाडू उचलून कोपऱ्यात टेकवला. मी कॅलेंडरकडं बघितलं. त्यानं तेही काढून ठेवलं होतं, पण फाडलं नव्हतं.

तेव्हा मला इराण्णाचं बोलणं आठवलं. दुसऱ्या दिवशी तिकडचा बाजार. त्याच्या सुनेचं पीप ओतलं की या जगात कुठंच काही उरणार नव्हतं. मातीतून परत शोधायचं म्हणजे वन्सं पाहिजे, आणि नाला तर आता काँक्रीटखाली गेलाय. मी दुधाची स्टीलची बरणी घेतली आणि पदर खोचला. माझी सून, दिलीपची बायको, दारात आडवी आली. "आत्याबाई, सुतकात परक्याच्या घरी जाता? लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोक म्हणतील म्हातारी येडी झाली. त्यांना सांग, झाली."

मंद्रूपची एसटी धरली, पुढं वडापच्या जीपनं वाडी गाठली. इराण्णा अंगणात बसला होता. मला बघून उभाच राहिला.

"आक्का? आन सुतकात?"

"पीप वतलंस का?"

"सांच्याला वतणार हाय. उद्या बाजार हाय न्हवं. का?"

"वतू नगंस. मला बरणीभर विरजण पायजे. आमचं गेलं." काय झालं ते मी सांगितलं. महानंदा दारात येऊन ऐकत होती.

इराण्णा डोकं खाजवायला लागला. माणूस वाईट नाही, पण रिवाजाला घट्ट. "आक्का, सुतकातल्या मानसाला घरातली वस्तू कशी दिऊ? आमच्या घराची वास्तुशांत आत्ताच झालीया, त्यात इटाळ नगं. चार दिस थांबा. सुतक फिटू द्या, मग मीच आनून देतो."

"चार दिसांत तू चुना कालवून बसशील."

"तसं न्हाय, पर..."

"इराण्णा, सुतक मला हाय. जंतूला न्हाय."

महानंदा आत गेली आणि बरणी भरून घेऊन आली, मापून, गाळून, वर फडकं बांधून. हुशार पोर. तिनं दोन्हींचं जमवलं. सासऱ्याचा रिवाज मोडू नये आणि माझंही अडू नये म्हणून तिनं बरणी माझ्यापासून चार हातांवर भुईवर ठेवली आणि मागं सरकली. म्हणाली, "घ्या, आज्जी. मी दिली न्हाय, तुमी घेतली."

मी वाकले नाही. आमच्या सासऱ्यांना गावात असंच द्यायचे. धान्य असो, ताक असो, चपलांच्या शिवणावळीची भाकरी असो. भुईवर ठेवायचं, मागं सरकायचं, मग यानं उचलायचं. सासरे सांगायचे आणि सांगताना हसायचे, पण हसताना त्यांचा हात थांबायचा. ते गावानं केलं. आता आपणच आपल्यात करायचं का? पोरीचा हेतू चांगला होता. हेतूचं काय करू?

"हातात दे," मी म्हटलं.

"आज्जी, सुतक..."

"म्हायती हाय. भुईवरचं उचलणार न्हाय मी. तुज्या सासऱ्यालाच इचार, त्याच्या बापाला गावात भाकरी कशी द्यायचे."

महानंदानं सासऱ्याकडं बघितलं. इराण्णा खाली बघत होता. गोठ्यात म्हैस दावणीला ओढ देत होती. मग तो उठला, स्वतः बरणी उचलली, माझ्यापाशी आला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. म्हणाला, "आता अंघोळ करावी लागंल मला."

"कर की. तुला तशी गरजच हाय."

तो हसला. महानंदा तोंडाला पदर लावून हसली. जाताना मी विचारलं, चुन्याचं काय. तो म्हशीला वैरण टाकायला वळला. महानंदाच म्हणाली, "आज्जी, तुमचं परत कुणी धुतलं तर? हितं बी आसू द्या की." मग सासऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला तर त्या पावडरीत हात घालायचा न्हाय बाबा. ज्याला घालायचा त्यानं घालावा."

येताना एसटीत मी भांडायच्या तयारीनं बसले होते. बरणी मांडीवर, फडकं घट्ट, आणि कंडक्टरला काय काय सुनवायचं ते मनात जुळवलेलं. वन्सं उतरली होती, मी उतरणार नव्हते. पण गाडीत कांद्याची पोती होती, एका धनगराची दोन कोकरं होती, मागं कुणाचं तरी पोर ओकलं होतं. कुणाला कशाचा वास येणार? कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढं गेला. माझं भांडण तसंच राहिलं. ते या लेखात वापरून घेतलं.

पीप गरम पाण्यानं चार-पाचदा खंगाळलं, फिनेलचा वास जाईपर्यंत उन्हात ठेवलं. महानंदानं सोबत बांधून दिलेली खरवड उकळली, थंड केली, त्यात बरणीतलं विरजण ओतलं, पंप लावला. दहाव्याच्या दिवशी फडक्याखालून तो उग्र वास यायला लागला. मला वाटलं दिलीप पुन्हा झाडू उचलतोय. पुण्याचे पाहुणे पुढच्या खोलीत बसले होते. त्यातल्या एका बाईनं नाकाशी रुमाल नेला आणि विचारलं, "कसला तरी वास येतोय का हो?" मी तोंड उघडायच्या आतच दिलीप बोलला. फरशीकडं बघत बोलला, पण बोलला. "आत्याचं काम आहे. मागं चालू आहे." बाईनं रुमाल हातात धरला आणि चहा प्यायली. सोयरीक जमेल का मोडेल, अजून ठरलेलं नाही. सोनी म्हणते, "आज्जी, वासावरून मोडली तर बरंच झालं, पुढं कशाकशावरून मोडली असती." पोर वन्संवर गेलीय.

आता शेडमध्ये मी आहे. दुसऱ्या कुणाच्या कुंडासाठी नाही, इराण्णासाठीच रस काढते. एकाचं गेलं तर दुसरं असावं म्हणून त्याचं पीप आणि माझं पीप, दोन्ही चालू. त्यानं चुना आणला नाही. का आणला नाही ते तो सांगत नाही. बहुतेक सून आणू देत नाही. माझ्या बोटांचे ठसे परत उठले नाहीत, या वयात उठायचे नाहीत. रेशनचं मशीन अजून मला ओळखत नाही, दुकानदार दर महिन्याला डोळे मशीनला लावायला लावतो. महानंदाचा अंगठा मात्र पहिल्या दाबात लागतो. मी विचारून घेतलंय.

कॅलेंडर मी परत त्याच खिळ्याला लावलं. वन्संनं वर्षाच्या सुरुवातीलाच सगळे गोल करून ठेवले होते, डिसेंबरपर्यंत. दादाला जाऊन इतकी वर्षं झाली, आवस पाळणारं शेडमध्ये कुणी राहिलं नाही, तरी दर साली तिचं ते चालायचं. मी एकदा म्हटलं होतं, आता कुणासाठी? म्हणाली, "सवय हाय, वैनी." येती आवस लक्ष्मीपूजनाची. आमच्या घरी यंदा दिवाळी नाही, पण आवस आहे, आणि तिच्याभोवती लाल गोल आहे. इराण्णाचं कातडं मी असं घालायला सांगितलंय की आदल्या दिवशी बाहेर निघेल.

बाजारात पुढच्या वर्षीची कॅलेंडरं आलीत. एक आणलं, लाल पेनही आणलं. काल दुपारी शेडमध्ये तिच्या खुर्चीत बसून जानेवारीपासून सुरुवात केली. आवसेचा काळा भरीव चंद्र कुठल्या चौकटीत आहे ते बघायला चौथीपर्यंतची शाळा पुरते.